गुरुवारचा गृहपाठ

मोटारसायकलच्या चाकात हवा भरायला साधारण चाळीस सेकंद पुरतात. फारूकला वीस मिनिटं लागत. नौशीन हे खिडकीतून चौदा महिने मोजत होती.

फारूक सांगलीत हळद तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होता. लग्नाचं त्यानं एकदाच विचारलं. मग उत्तरासाठी तो दर गुरुवारी कोरेगावात येऊन तिच्या घरासमोरच्या पंक्चरच्या दुकानात हवा भरत राहिला. नौशीनला तो पसंत होता. पण ती गेली की तिची अम्मी जैनब एकटी पडणार, म्हणून गाडी 'सांगते'च्या पुढं सरकत नव्हती. आज शेवटचा गुरुवार. सोमवारपासून त्याची बदली नांदेडला.

नौशीन घरीच बायकांचा इंग्रजीचा वर्ग घेई. अम्मीही त्यात बसे. मागच्या तासाला नौशीननं तीन क्रियापदं शिकवली होती : सी म्हणजे आपोआप दिसणं, लुक म्हणजे मुद्दाम नजर टाकणं, वॉच म्हणजे बराच वेळ बघत राहणं. घरासमोर खरोखर दिसतं तेच लिहून आणा, असं तिनं बजावलं होतं. वर्गाची रीत अशी, की प्रत्येकीची वही शेजारणीनं मोठ्यानं वाचायची.

आज शेजारी बसलेल्या आक्काताईंची वही अम्मीच्या वाट्याला आली. "आय सी अ मॅन. ही लुक्स ॲट द टायर. ही वॉचेस मॅडम."

वाक्यांत चूक नव्हती, हीच अडचण. नौशीननं घाईनं दुसरी वही वाचायला लावली. प्रियंकाच्या वहीतही तोच माणूस होता, शिवाय मॅडम त्याला वॉच करत होत्या. तिसरीत तर तारीखवार नोंदी निघाल्या.

"तुमीच म्हनला, खरं लिवा," आक्काताई शांतपणे म्हणाल्या. "गल्लीत दुसरं बगन्याजोगं हाय काय?"

अम्मीनं वही मिटली आणि खिडकीतून हाक मारून फारूकला आत बोलावलं. तो काळे हात पाठीमागं धरून दारात उभा राहिला.

"गाडीला काय झालंय रं?"

"काय न्हाई, खाला."

"मग येतोस कशाला?"

"उत्तराला."

अम्मीनं लेकीकडे पाहिलं. नौशीननं हळू आवाजात आपली अडचण सांगितली.

"माज्यासाठी थांबलीस?" अम्मी म्हणाली. "अगं, तुझं लगीन झालं की मी कराडला थोरल्या लेकीकडं, तरन्नुमकडं राहायला जाणार हाय. दोन वर्सं बॅग भरून ठेवलीया. तू एकटी पडशील म्हणून अडकले."

प्रियंकानं वही उघडून पेनाचं टोपण काढलं.

"फारूक," नौशीन म्हणाली, "मी लग्नाला तयार आहे."