पहिलं ते ब्रिटिश

रत्नपाल बिदरच्या एका कॉलेजात बारा वर्षांपासून इंग्रजीचा अतिथी व्याख्याता होता. दर जुलैला नेमणुकांची नवी यादी लागायची आणि दर जुलैला तो नव्याने पाहुणा व्हायचा. यंदा राष्ट्रीय चर्चासत्रात निबंध वाचलेल्यांची नावं यादीत वर जाणार, असं कळलं, आणि त्याच आठवड्यात कलबुर्गीच्या एका कॉलेजचं पत्रक आलं. विषय होता, ‘ब्रिटिश विनोदी मालिका आणि त्यांच्या अमेरिकन आवृत्त्या’. अध्यक्ष, निवृत्त प्राचार्य अच्युतराव. रत्नपालच्या कॉलेजच्या संचालक मंडळावर अच्युतराव होते आणि यादीवरची त्यांची सही शेवटची असे.

रत्नपालने असली एकही मालिका पाहिलेली नव्हती. संगणक विभागातल्या रविकुमारने त्याला पेन ड्राइव्ह भरून दिला. त्यात दोन फोल्डर होते, एक आणि दोन. दोन्हींत एकाच नावाची मालिका, हरवलेल्या सामानाच्या कार्यालयातली. रत्नपालने फोन लावला.

“रवी, यातलं ब्रिटिश कोणतं?”

“पहिलं ते ब्रिटिश की सर. अमेरिकावाल्यांनी नंतर काढलं.”

रविकुमारने इतिहास सांगितला होता. रत्नपालने तो फोल्डरचा नंबर समजून वहीत लिहून घेतला.

मैलूर भागातल्या त्याच्या घरात बैठकीची खोली एकच होती. संध्याकाळी तिथे त्याची आई विमलबाई कन्नड मालिका बघायची. तिच्या मालिकेचा आवाज कमी करणं शक्य नव्हतं, म्हणून रत्नपालने लॅपटॉपचा आवाज बंद केला आणि खालची इंग्रजी अक्षरं वाचत दोन्ही मालिका पाहिल्या. नाव तेच, गोष्ट तीच, बोलणंही बरंचसं तेच. पहिला भाग तर प्रसंगाला प्रसंग लावून उतरवलेला होता. त्या कार्यालयाचा साहेब लोकांच्या हरवलेल्या छत्र्या स्वतःच वापरायचा. एक म्हातारी आपली छत्री शोधत येते. साहेब तिच्याकडून तीन अर्ज भरून घेतो आणि छत्री मात्र टेबलाखाली पायाने दाबून ठेवतो. म्हातारी भिजत निघून जाते. इथवर दोन्हीकडे सारखंच होतं. पण एक नंबरच्या मालिकेत साहेबाला लाज वाटते, तो रस्ता ओलांडून पळत जातो आणि तिच्या हातात छत्री देतो. दोन नंबरच्यात तो खिडकीतून तिला जाताना बघतो आणि चौथा अर्ज काढून ठेवतो.

जाहिराती लागल्या की विमलबाई पदर सावरत लॅपटॉपशी येऊन बसायची.

“हे गाड्या उलट्या बाजूनं कामून चालवायलेत?” तिने एक नंबर बघताना विचारलं.

“परदेश हाय ते, आई.”

दोन नंबर बघताना मात्र ती इतकी हसली की तिच्या मालिकेतली सून घर सोडून गेलेली तिला कळलंच नाही. “हा खरा सायेब हाय,” ती म्हणाली. “तुझा बाप गेल्यावर पेन्शनीसाठी मी अशाच्या टेबलापुढं आठ महिने हुभी होते. पळत येऊन छत्री देणारा सायेब कुठं असतंय का? त्ये कुणीतरी रचलंय.”

रत्नपालला हे वाक्य आवडलं. त्याने ते निबंधात घातलं, पण पार शेवटी, टीप म्हणून. कारण निबंध भलत्याच दिशेने फार सुंदर चालला होता. ब्रिटिश विनोदाच्या तळाशी सभ्यता असते, म्हणून साहेब छत्री परत देतो. अमेरिकन विनोदावर बाजाराचा पगडा असतो, म्हणून तो देत नाही. या एका मुद्द्यावर त्याने अठरा पानं लिहिली, आणि एकाही पानावर त्याला अडल्यासारखं झालं नाही.

कलबुर्गीच्या सभागृहात साठेक लोक होते. बोलणं सगळं इंग्रजीतून चाललं होतं. रत्नपालने निबंध वाचला आणि एक नंबरची चित्रफीत पडद्यावर लावली. आवाज पहिल्यांदाच चालू होता. साहेब छत्री घेऊन पळाला आणि अच्युतराव राहवेना म्हणून मध्येच उठले. त्यांनी माइक घेतला.

“हे बघा,” ते म्हणाले. “हे फक्त ब्रिटिश माणूस करू शकतो. हे रक्तात असावं लागतं. एकतीस वर्षं इंग्रजीच्या तासाला मी मुलांना हेच शिकवलं. आणि त्या उच्चारातला गोडवा ऐका. अमेरिकनांना सात जन्मांत जमणार नाही.”

ते सहा-सात मिनिटं बोलले. टाळ्या झाल्या. मग तिसऱ्या रांगेत कलबुर्गीची नेत्रा नावाची एक संशोधक विद्यार्थिनी उभी राहिली.

“सर, छोटी शंका आहे. लंडनमध्ये गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात ना?”

“अर्थात,” अच्युतराव म्हणाले. “आपल्याला त्यांनीच शिकवलं ते.”

“मग इथे उजवीकडून चालल्यात, सर. स्टिअरिंग पण डावीकडं आहे.”

पडद्यावर चित्र थांबलेलं होतं. साहेब रस्त्याच्या मधोमध छत्री उंचावून उभा होता आणि त्याच्यापुढे उजव्या बाजूने आलेली एक पिवळी टॅक्सी होती. सगळ्या सभागृहाने ती पाहिली. रत्नपालनेही पाहिली. त्याने ही चित्रफीत निदान वीसदा पाहिली होती, आणि टॅक्सी दर वेळी तिथेच होती.

गप्प बसावं तर निबंध खोटा. बोलावं तर अध्यक्षांची सात मिनिटं खोटी, आणि जुलैला दोनच महिने होते. क्षणभर त्याला वाटलं, ब्रिटिशांनी चित्रीकरण परदेशात केलं असेल असं सांगावं. मग समोरच्या रांगेत आपल्यासारखे चार-पाच अतिथी वह्या उघडून बसलेले त्याला दिसले. ते हे सगळं उतरवून घेत होते आणि उद्या शिकवणार होते.

“चूक माझी आहे,” तो म्हणाला. “घरी आवाज बंद करून बघितलं, त्यात फोल्डर उलटे झाले. ही अमेरिकन आहे. छत्री न देणारा साहेब ब्रिटिश.”

अच्युतरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“रत्नपाल नम्र आहेत, म्हणून याला चूक म्हणायलेत,” ते सावकाश म्हणाले. “हा प्रयोग होता. नावं बदलून ठेवली की आपण विनोद बघतो की पासपोर्ट, हे तपासायचं होतं. मी मुद्दाम फसल्यासारखं केलं. रत्नपाल, आणखी काही आहे का निबंधात?”

अठरा पानांतलं आता काय शिल्लक आहे हे रत्नपालने भराभर चाळून पाहिलं. फक्त टीप शिल्लक होती. त्याने ती वाचली. आई, आठ महिने, टेबल, आणि पळत येऊन छत्री देणारा साहेब कुठे असतो का. सभागृहात आधी एक माणूस हसला, तो तिथलाच कारकून होता. मग सगळेच हसले. नेत्रा बसता बसता वहीत काहीतरी लिहून घेत होती.

जेवणाच्या वेळी रत्नपाल ताट घेऊन कोपऱ्यात गेला. तिथे अच्युतराव आधीच येऊन बसले होते. त्यांनी खुर्ची ओढून दिली. थोडा वेळ दोघांनी शेंगाची चटणी आणि जवारीची भाकरी खाल्ली.

“तुम्ही घरी आवाज बंद करून बघितलात म्हणे,” अच्युतराव खाली बघत मराठीतून म्हणाले.

“व्हय सर. चूक झाली.”

“तसं न्हाई. आज तर चालू होता.” त्यांनी आजूबाजूला बघितलं. “तो साहेब काय बोलायला होता ते तुम्हाला कळलं का?”

रत्नपालने घास हातातच धरला. बारा वर्षांच्या नोकरीत त्याला कुणी हा प्रश्न विचारला नव्हता.

“न्हाई सर,” तो म्हणाला. “खालची अक्षरं नसली की मला काहीच कळत न्हाई.”

“अमेरिकेचं?”

“दोन्ही बी.”

अच्युतरावांनी मान डोलावली. “मला पण न्हाई,” ते म्हणाले. “एकतीस वर्षं झाली.” मग त्यांनी वाढप्याला कन्नडमधून हाक मारली आणि रत्नपालच्या ताटात आणखी एक भाकरी वाढायला सांगितली.