अण्णांच्या नाकाला पटलेला रंग

रंगाच्या बाबतीत माझा हात कुणी धरणार नाही! साडी मी निवडावी, तिचा रंग कधी उतरायचा नाही. त्यामुळे आमच्या ह्यांनी गणपतीच्या आराशीसाठी लाकडाची छोटी गुराब, म्हणजे मराठ्यांच्या आरमारातलं लढाऊ जहाज, तयार केली, तेव्हा तिचा रंग कोण ठरवणार हा प्रश्नच नव्हता. निदान माझ्यापुरता!

तेव्हा आमची नीला रांगत होती. आता ती शाळेत गेलीय नि धाकटा झोपलाय, तेवढ्यात सांगून घेते.

घरचा गणपती इतकी वर्षं अलिबागला थोरल्या दिरांकडे असायचा. त्या वर्षी तो प्रथमच डोंबिवलीत, आमच्या दोन खोल्यांत यायचा होता. मामंजींनी, म्हणजे अण्णांनी, बजावलं होतं, "नीट पार पडलं तर पुढेही तुमच्याकडेच. नाहीतर पुन्हा अलिबाग!"

मी म्हटलं, "खाली गेरू देऊ, वर पिवळे काठ काढू."

"अगं, ती लढाईला निघालीय, हळदीकुंकवाला नव्हे!" हे म्हणाले.

शेजारच्या विमलाबाई म्हणाल्या, "निळी करा की. समुद्रात दिसायचीसुद्धा नाही!"

"आरास आहे हो, दिसायला नको?" हे कळवळले. "आणि अण्णांचं बालपण बंदरावर गेलंय. खोटा रंग ते दारातूनच ओळखतील!"

शेवटी रविवारी हे ठाण्याला उतरून बाळकुमच्या खाडीवर गेले. होड्यांना लावतात ते तेलच बाटली भरून घेऊन आले.

"कसलं तेल हे?"

"तेल म्हणजे तेल! होड्यांना हेच लावतात."

रंग मला फिका वाटला. मी त्यात घरचं काजळ कालवलं आणि गुराबीला चोपडलं. काय तजेला आला म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवसापासून घरात वास. मी नीलाची दुपटी पुन्हा पुन्हा धुतली. बिचारीला तीनदा आंघोळ घातली. वास जाईना!

चतुर्थीला अण्णा आले, गुरुजी पूजेला बसले. गणपतीपुढे गुराब दिमाखात उभी. इतक्यात दारातून एक मांजर आलं. मग दुसरं. मग पिल्लांसकट एक अख्खं कुटुंब! गुरुजी मंत्र म्हणत एका हाताने फुलं वाहत होते, दुसऱ्याने बोका हाकलत होते. पण बोका डोलकाठीवर चढलाच!

विमलाबाई दारातूनच म्हणाल्या, "अगंबाई, चतुर्थीला तुमच्याकडे मासळी?"

माझ्या पायाखालची जमीन सरकली. आमच्या माहेरी-सासरी मासळीचा वास कुणाला ठाऊक? तेल माशाचं होतं! ह्यांचा चेहरा उकडून फुटलेल्या मोदकासारखा झाला. गेला गणपती अलिबागला!

अण्णा उठले. बोक्याला बाजूला केलं, वाकले आणि गुराबीला नाक टेकवून डोळे मिटून उभे राहिले.

"हाच वास," ते म्हणाले. "पावसाळा सरला की गलबतांना हेच तेल चोपडायचे. आम्ही पोरं तिथेच लोळायचो. आई म्हणायची, विहिरीवर जाऊन ये, मगच उंबरा ओलांड." मग डोळे उघडून ह्यांना म्हणाले, "किती वर्षांनी आई ओरडल्यासारखं वाटलं रे!"

आम्ही श्वास सोडला.

"रंग अगदी खरा. आता देवापुढून हलवा ते आधी!"

गुराब गॅलरीत गेली. अण्णा पुन्हा आंघोळ करून आरतीला उभे राहिले, पण नाकाच्या शेंड्यावर माझं काजळ तसंच! सांगणार कोण? गुरुजींनी डोळे मिटून घेतले, ह्यांनी झांजा जोरात बडवल्या. नीला मात्र आजोबांच्या नाकाकडे बोट दाखवून खदखदा हसली. अण्णांना वाटलं, नात आरतीत रमली. ते आणखीच खूष!

जाताना म्हणाले, "सूनबाई, पुढल्या वर्षीही इथेच."

आता अण्णा नाहीत. गुराब अजून गॅलरीत आहे. दर चतुर्थीला मी तिच्यावरून हळूच बोट फिरवते.

बोट काळं होतं. रंग अजून उतरतोय!