डावीकडचा ब्रेक

मधुकरराव ठवकरांनी त्या कागदावर 'होय' लिहिलं, आणि तिथेच सगळं बिनसलं.

कागद हिंगण्याच्या एका कारखान्याचा होता. तिथल्या चाळीस बायांना कंपनीच्या खर्चाने मोटार शिकवायची होती आणि त्यासाठी शहरातल्या ड्रायव्हिंग स्कूलांकडे चौकशी सुरू होती. शाळा किती जुनी? तीस वर्षं. गाड्या किती? एक, सुस्थितीत. सिम्युलेटर आहे काय? इथे मात्र पेन अडलं. लकडगंजात एसी गाड्यांची नवी शाळा निघाल्यापासून सक्करदऱ्याच्या 'निर्धास्त मोटर ड्रायव्हिंग स्कूल'मध्ये विद्यार्थी म्हणून एकट्या पंचफुलाबाई उरल्या होत्या. हे काम गेलं की शटर पाडायचं आणि घरी बसायचं, हे मधुकररावांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी 'होय' लिहिलं.

आता घरात सिम्युलेटर होता, हे काही खोटं नाही. पण तो त्यांच्या लेकीचा, गुंजनचा. टेबलाला घट्ट बसवलेलं स्टिअरिंग, खाली तीन पेडल, समोर मोठा पडदा. सुट्टीच्या दिवशी ती त्यावर रेसच्या गाड्या पळवायची आणि बाप तिला "कामधंदे नाहीत काय वं?" असं विचारायचा. आता तोच बाप ते सगळं शाळेच्या ऑफिसात मांडून द्यायला सांगत होता.

"बाबा, हा शिकवायचा नाही ना, रेसिंगचा आहे."

"चाकं चार आहेत ना?"

"आहेत."

"मंग झालं तं!"

रंगीत तालमीला मधुकरराव स्वतः बसले. पहिल्याच वळणावर गाडी भोवऱ्यासारखी फिरली आणि भिंतीवर जाऊन आपटली.

"टायर खराब आहेत हे," त्यांनी निकाल दिला.

"खराब नाही, थंडे आहेत. रेसचे टायर गुळगुळीत राहतात. दोन फेऱ्या मारून गरम झाले की मंग रस्ता धरतात. तवरिक हळू चालवा लागते."

"मे महिन्यात, नागपुरात, टायर थंडे? बाहेर रस्त्यावर अंडं फोडलं तं आमलेट होऊन राहिलं!"

"बाहेर होऊन राहिलं. खेळात मी बारा डिग्री ठेवली आहे."

"मंग वाढव ना!"

गुंजनने खेळातलं तापमान वाढवलं. या खेपेला टायरांनी वळण छान धरलं, पण वळण संपताच मधुकररावांनी ॲक्सिलरेटर असा दाबला की मागची चाकं जागच्या जागी गरगरली आणि गाडी उलट तोंड करून उभी राहिली. गुंजनने हसू गिळलं. "ट्रॅक्शन कंट्रोल बंद आहे, बाबा. चाक घसरायला लागलं की ते आपोआप ताकद कमी करते. ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ नये म्हणून एबीएस राहते, तेही बंद आहे. सारी मदत चालू करून देऊ काय?"

"मले काहून मदत पाहिजे वं? तीस वर्षं झाली लोकांले शिकवून राहिलो मी!"

त्या बाणेदार उत्तरानंतर ते आणखी सहा वेळा आपटले. सहाव्यांदा गुंजनच्या लक्षात आलं की बाबा खुर्चीच्या डाव्या कडेला सरकून बसतात आणि स्टिअरिंग फक्त उजव्या हाताने धरतात. तीस वर्षं हा माणूस गाडीत डावीकडेच बसत आला होता. शिकवणाऱ्याच्या पायाशी असतात तसे तिथे त्यांचे स्वतःचे ब्रेक आणि क्लच होते. भाजी आणायची, दळण टाकायचं, लग्नाला जायचं, सगळं शिकाऊ उमेदवारांच्या तासात उरकायचं. उमेदवाराचा सराव होई आणि सरांचं कामही. उजव्या सीटवर ते शेवटचे कधी बसले, हे त्यांना आठवत नव्हतं. आपणही उगाच विचारू नये.

"पंचफुलाबाई चालवून दाखवतील," त्यांनी घाम पुसत जाहीर केलं. "त्यांच्यासाठी तुझी ती मदत सारी चालू ठेव."

पंचफुलाबाई तलावाजवळ खानावळ चालवायच्या. एकावेळी तीन शेगड्या सांभाळणारी बाई, ती पडद्याला काय भिणार? रविवारी सकाळी कारखान्याच्या मिनल मॅडम पाहणीला आल्या, तेव्हा पंचफुलाबाई पदर खोचून तयार होत्या. गाडी सुरू झाली. रस्त्यावर हिरवी रेघ उमटली, वळण आलं की रेघ लाल व्हायची, ब्रेक आपोआप लागायचा, गाडी अलगद वळायची. मधुकररावांची छाती इंचाइंचाने फुगत गेली.

"सर, ही रेघ कसली?" मिनल मॅडमनी विचारलं.

गुंजनला खोटं बोलता येत नसे, हा तिचा जुनाच दोष. "मदत आहे, मॅडम. कुठं ब्रेक लावायचा ते रेघ सांगते. नाही लावला तर मशीनच लावून घेते."

"मग गाडी बाई चालवत आहेत की मशीन?"

हे मधुकररावांच्या वर्मी लागलं. "बंद कर सारं!"

"बाबा, नका ना..."

"बंद कर म्हटलं ना! निर्धास्तची विद्यार्थिनी आहे ती!"

गुंजनने सगळं बंद केलं. पंचफुलाबाई त्याच झोकात सरळ रस्त्यावर सुसाट सुटल्या. वळण जवळ आलं, फारच जवळ आलं.

"ब्रेक मारा!" मधुकरराव ओरडले.

"मारा ना, सर!"

"मी काय मारू? तुम्ही मारा!"

"मी? ब्रेक तं तुमच्याकडं राहते!"

गाडी टायरांच्या ढिगाऱ्यात घुसली, उलटली आणि चाकं वर करून पडली.

"मधला पेडल, बाई, मधला," गुंजन हळूच म्हणाली.

"तो होय?" पंचफुलाबाईंनी खाली वाकून पाहिलं. "मले वाटलं, तो असाच असन. सरांनी कधी लावूच नाही दिला."

मिनल मॅडम मधुकररावांच्या पायाकडे बघत होत्या. सर उभ्याउभ्याच फरशीवर उजवा पाय सगळा जोर लावून दाबून धरत होते. मॅडमनी पर्स उघडली, लायसन काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"नऊ वर्षांपूर्वी तुमच्याकडेच शिकले मी, सर. तुम्हाला आठवत नसेल." इथवर त्या ऑफिसची भाषा बोलत होत्या, पुढे घरचीच बोली तोंडात आली. "शिकताना गाडी कशी लोण्यासारखी चाले! अन् घरच्या गाडीत बसली तं पहिल्याच दिवशी सोसायटीचं गेट पाडलं. तवापासून घरचे हसून राहिले. मले वाटे, माझ्यातच काही कमी आहे."

मधुकररावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. काम गेलं, हे तर दिसतच होतं. पण त्याहून जास्त त्यांना ते गेट टोचलं. अशी किती गेटं पडली असतील, कोण जाणे. ते खुर्चीत बसले.

"चूक माझी आहे, मॅडम. मले भेव लागे. कोणाले लागू नये म्हणून माझाच पाय आधी पडे. तीस वर्षांत गाडीले एक ओरखडा नाही आला."

"गाडीले नाही आला," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी लायसन परत पर्समध्ये ठेवलं, उठल्या आणि दारात थांबल्या. "डावीकडचे पेडल काढून टाका, सर. उद्या सकाळी सहाला मी येते. मले शिकवलं तं चाळीस बाया पाठवीन."

संध्याकाळी मेकॅनिकने पेडल काढले. ते पोत्यात भरताना "भंगारात देऊ काय, सर?" असं त्याने विचारलं, तेव्हा मधुकररावांनी पोतं स्वतःच उचलून ऑफिसात नेऊन ठेवलं.

सोमवारी सकाळी हिंगण्याच्या रस्त्यावर मिनल मॅडम उजवीकडे आणि सर डावीकडे. रस्ता तसा मोकळा होता, फक्त कामगारांच्या मोटारसायकली तेवढ्या धावत होत्या. सिग्नल लाल झाला. पुढे कंपनीची बस उभी राहिली, तिची मागची काच मोठी होत होत समोर आली. मधुकररावांनी डोळे मिटले आणि दोन्ही पाय रिकाम्या पत्र्यावर रेटले. गाडीने एक आचका दिला आणि बसपासून हातभर अंतरावर थांबली.

"पाहा, मॅडम," मधुकररावांनी एक डोळा उघडला, "असं वेळेवर थांबवा लागते."

"सर, तुमच्याकडं ब्रेक नाही."

"मंग?"

"मंग काय? मीच थांबवली ना!"

मधुकररावांनी खाली पाहिलं. पत्र्याला चार भोकं होती, बाकी काही नव्हतं. मिनल मॅडम दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून एकट्याच खळखळून हसत होत्या, आणि सिग्नल हिरवा झाल्यामुळे मागचे सगळे हॉर्न वाजवत होते.

"चला, मॅडम," सर नाक पुसत म्हणाले, "पण जरा हळू. मी नवीन आहे."