भानजीपंतांनी राज्य एकदा नाकारिले त्याचे वर्तमान

श्रीकृपेने वाचणारांचे कल्याण असो. शके अठराशे अडुसष्ट, व्ययनाम संवत्सरी, एका राज्यात, ज्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही, टोपीकरांनी आपला अंमल आवरता घेतला आणि निरवानिरवीकरिता विलायतेहून नवे साहेब आले आणि पुसो लागले की, आमचे मागे राज्य कोणी चालवावे. मग सर्वांनी एकमुखे भानजीपंत कारभारी यांचे नाव सांगितले. पंतांनी चाळीस वर्षे परक्यांचे हुकूम लिहिले, परंतु जीव गुंतला होता पूर्वेकडील माळावरच्या कोरड्या गावांत. हाती सत्ता येईल तर नदीस बांध घालून माळास पाणी न्यावे, ही एकच आस. ती त्यांनी कोणास बोलून दाखविली नाही.

त्या राज्याचा रिवाज असा की, मान देणाराने तीन वेळा पुसावे आणि घेणाराने दोन वेळा नको म्हणावे आणि तिसऱ्याने मस्तक लववावे. पहिल्याच शब्दास होकार देईल तो हावरा ठरे. मग दरबार भरला आणि साहेबांनी पुसिले, "पंत, राज्य सांभाळाल काय?" पंत हात जोडून बोलिले, "आम्ही थकलो, साहेब. कोणी लायक माणूस पाहावा." साहेब सरळ मनाचे. त्यांनी खेद मानिला आणि कागदावर रेघ ओढिली आणि बॅरिस्टर मुकुंदरावांकडे वळले. मुकुंदरावांस विलायतेची सवय, ते म्हणाले, "सांभाळतो." फडणीस रिवाज सांगावयास उठले, तो पंतांनीच त्यांचे उपरणे धरून त्यांस खाली बसविले. आपल्याकरिता मागणे पंतांच्याने होईना.

मग पंत घरी आले आणि पगडी उतरून ओसरीवर बसले आणि कुटुंब लाडूबाई पाणी घेऊन आल्या.

"बरं केलंत. या वयात कशाला ती यातायात?"

पंत म्हणाले, "मला हवं होतं."

बाईंच्या हातचा तांब्या हातीच राहिला. "अहो, लग्न झाल्यापासून तुम्ही नको म्हणालात, ते मी खरंच मानीत आले."

पंतांनी त्यांच्या हातून तांब्या घेतला आणि खाली ठेविला.

सारांश, साहेब गलबतात बसून गेले आणि मुकुंदरावांनी राज्य नेटके चालविले. माळाची गोष्ट त्यांस ठाऊक नव्हती. ते येऊन सल्ला पुसतील म्हणोन पंत नऊ वर्षे वाट पाहत होते.