तात्यांचे खासदार

दर दोन वर्षांनी, नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी, तात्या ढमाले अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून आमच्याकडे यायचे आणि डाव्या हाताचं बोट पुढे करायचे.

"वहिनी, लावा."

मी माझ्या शाईच्या पेनाने त्यांच्या नखावर रेघ ओढायची. त्या दिवशी अमेरिकेत मतदान असायचं.

"अहो तात्या, तिकडे शाई लावत नाहीत."

"म्हनून तर आपन लावायची. कुनीतरी नेम पाळाया नको?"

तात्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावर राहायचे. खरं म्हणजे आम्हीच त्यांच्या ज्वारीच्या शेतात राहत होतो, तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर. कोथरूडला लागून असलेलं त्यांचं गाव महापालिकेत गेलं, तेव्हा ते सरपंच होते. एका सकाळी गावाचा वॉर्ड झाला आणि तात्या माजी झाले. पुढे नगरसेवकपदाला उभे राहिले आणि पडले. "माज्याच शेतात ऱ्हानाऱ्यांनी पाडलं," असं हसत सांगायचे. पाडणाऱ्यांत मीही होते. हे आज पहिल्यांदा लिहिते आहे.

त्यांचा एकुलता एक मुलगा संजय सॉफ्टवेअरमध्ये शिरून अमेरिकेला गेला. तिथल्या दिवाळीच्या कार्यक्रमाला त्या भागाचे खासदार आले, त्यांनी संजयशी हात मिळवला आणि संजयने फोटो पाठवला. झालं! तात्यांना नवा मतदारसंघ मिळाला.

संजय पाठवायचा त्या कात्रणांवरून मी अर्थ सांगायची आणि तात्यांना तो पाठ व्हायचा. "आधी मास्तर व्हते. पयल्या निवडनुकीला पडले. पन पडले म्हनून घरी नाय बसले! मंग जे निवडून आले ते तेरा टर्मा! वहिनी, मानूस तेरा वेळा निवडून येतो म्हंजी काय समजलात?"

"काय?"

"मयताला जात आसनार. लग्नाला कुनीबी जातं."

खासदारांनी तिकडे नदीवर पूल मंजूर करून आणला, तेव्हा इकडे सोसायटीत पेढे वाटले गेले. आमच्या नाल्यावर तेव्हा फळी होती.

मग पत्रं सुरू झाली. तात्यांनी बोलायचं आणि मी टाइप करायचं. मी तेव्हा एका कंपनीत स्टेनो होते आणि इंग्रजी जणू मी माहेराहूनच आणली आहे, अशी वागायची. भाजीवाल्यालाही 'अ‍ॅक्च्युअली' ऐकवायची. तात्या अर्धा तास बोलायचे: इकडचा पाऊस, गुडघा, वारलेली बायको, संजय लहानपणी विहिरीत कसा उडी मारायचा. आणि शेवटी दर वेळी एकच वाक्य: "माजं पोरगं तुमच्या वॉर्डात हाय. त्येच्यावर ध्यान ठेवा."

हे सगळं मी 'अप्रस्तुत' म्हणून गाळायची. उरायचं ते असं, की आपल्या थोर संसदीय कार्याबद्दल आम्हांस नितांत आदर आहे. एक पान. खाली तात्यांची सही. तिकडून छापील उत्तर यायचं, 'प्रिय मित्रा' असं. तात्या ते मारुतीच्या फोटोखाली लावायचे. मीही खूश. इतकी शुद्ध इंग्रजी वाचून खासदार थरारत असतील, अशी माझी खात्री होती.

मग संगणकाच्या धंद्यात मंदी आली. संजयचे फोन आखडले. एके दिवशी तात्या उंबऱ्यातच उभे राहिले.

"पोरगं 'सगळं छान' म्हनलं, वहिनी. तीनदा म्हनलं. एकदा म्हनलं आस्तं तर खरं वाटलं आस्तं."

"अहो, तुमचं आपलं काहीतरीच. कामात असेल," असं म्हणून मी दुसऱ्याच दिवशी लेकीच्या बाळंतपणाला नाशिकला निघून गेले, ती तीन महिने.

मी इथे नाही म्हणून तात्यांनी स्वतःच पत्र लिहिलं. मराठीत, शाळेच्या फुलस्केपवर. खासदारांचा पत्ता जुन्या लिफाफ्यावरून उतरवला. आणि साहेबांना घर सापडावं म्हणून खाली एक चिठ्ठी चिकटवली, संजयच्याच हातची, त्याचा पत्ता आणि फोन नंबर इंग्रजीत असलेली.

पुढचं मला संजयने सांगितलं, दिवाळीला घरी आला तेव्हा. "काकू, खासदारांच्या ऑफिसातून फोन आला. म्हणाले, एक पत्र आलंय, आम्हाला वाचता येत नाही, पण नंबर तुमचा आहे. येऊन सांगाल का? मी गेलो. मला वाटलं, व्हिसाबिसाची काही भानगड. तर अण्णांचं अक्षर!" तात्यांना तो अण्णा म्हणतो.

त्या ऑफिसात, चार अमेरिकन माणसांसमोर, संजयने बापाचं पत्र इंग्रजीत वाचून दाखवलं. पाऊस झाला, गुडघा झाला, विहीर झाली. 'पोरगं छान हाय म्हनतंय, पन नाय. एकदा घरला जाऊन बघून या, साहेब,' इथे त्याने कागद खाली ठेवला. नोकरी जाऊन चार महिने झाले होते आणि त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. तिथल्या बाईंनी त्याला पाणी दिलं आणि फोन पुढे सरकवला. त्याने तिथूनच तात्यांना लावला. नोकरी पुढे दोन महिन्यांनी लागली, पण तात्यांच्या मते ती त्याच दिवशी लागली.

"साहेब घरला गेले का नाय?" हा त्या फोनवर त्यांचा पहिला प्रश्न.

"नाही अण्णा, मलाच बोलावलं."

"तेच ते. उगा नाय तेरा टर्मा."

संजय परत गेल्यावर मी तात्यांकडे गेले. गाळलेल्या मजकुराचा कबुलीजबाब दिला. इतक्या वर्षांची पत्रं, आणि मी एकदाही ते वाक्य पाठवलं नव्हतं.

तात्या ज्वारी निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "मला ठावं व्हतं, वहिनी. मी अर्धा तास बोलायचो आन् तुमचं एका पानात बसायचं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी आयकत व्हता ना. घरात दुसरं व्हतं कोन?"

पुढे खासदार निवृत्त झाले. तात्यांनी निरोपाचं पत्र सांगितलं आणि मी ते टाइप केलं. नऊ पानं झाली. त्यांतली दीड नुसती ज्वारीवर आहेत.