माझं साम्राज्य, मुक्काम सासुरवाडी

मोबाईलमध्ये गेम घ्यायचा निर्णय मी दाढदुखीमुळं घेतला. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत वेळ जावा म्हणून ऑफिसातल्या रामहरीनं तो घालून दिला. (दाढ त्याच दिवशी निघाली. गेम अजून निघालेला नाही.)

ह्या गेममध्ये आपण राजे असतो. शहरं वसवायची, फौज उभी करायची आणि शेजाऱ्याच्या उरावर बसायचं. मी, शंभुलिंग, मूळचा ईट गावचा, हुद्दा कनिष्ठ लिपिक, बघता बघता सम्राट झालो आणि शेजारच्या राजाचं एक मोठं शहर लढून घेतलं. पण शहर आपलं झालं तरी आतली माणसं आपली होत नाहीत. त्यांच्या डोक्यावर जुन्याच देशाचा झेंडा राहतो. आपलं धान्य खातात, कामाला हात लावत नाहीत, आणि त्यांच्या देशाशी भांडण काढलं की तोंड फुगवून बसतात.

"ही सुधारायची कधी?" मी रामहरीला विचारलं.

"दमानं, अण्णा. एकेक करून झेंडा बदलत्यात ती. आपली संस्कृती जोरात पायजे. देवळं बांधा, वाचनालय बांधा. आन् तवर शहरात फौज ठेवा."

"आणि नाहीच बदलला तर?"

"तर शहर परत त्यांच्याकडं जातंय."

त्या संध्याकाळी उंबऱ्यात चप्पल काढताना माझ्या डोक्यात उजेड पडला. आत सासरे सिद्रामप्पा, सासूबाई शांताक्का आणि माझी बायको शिवप्रिया कन्नडमध्ये गप्पा मारत होते. माझी बदली उमरग्याकडं झाली तेव्हा 'घर मिळेपर्यंत' म्हणून मी सासुरवाडीला उतरलो. मुलगी बालवाडी संपवून तिसरीला गेली, घर अजून मिळतंय. गाव सीमेवरचं, त्यामुळं घरात कन्नड आणि दारात मराठी. हे घर मी लग्नातच जिंकलं, अशी माझी समजूत होती. पण झेंडे? झेंडे सगळे जुनेच!

एरवी मी हे सोडून दिलं असतं. पण दुसऱ्याच दिवशी ईटहून आईचा फोन आला.

"येळवसला येती म्या तुज्याकडं. हितं बाया म्हणत्यात, शंभू सासऱ्याचा झाला. म्हणलं, माजा लेक हाय तसाच हाय. एकदा डोळ्यानं बघून जाती."

येळवस म्हणजे वेळ अमावास्या. आमच्या ईटकडं तिचा एवढा थाट नसतो, पण इकडं त्या दिवशी गावं ओस पडतात. सगळे शेतात, कडब्याच्या झोपडीपुढं, म्हणजे कोपीपुढं, खायला भाज्या-डाळींची भज्जी आणि प्यायला आंबील. त्या सगळ्यांसमोर आईला दिसायला हवं होतं की ह्या घरात शंभूचं राज्य आहे. नाहीतर ईटमधल्या बायकांपुढं तिची मान खाली जाणार होती, आणि ते मला खरंच सहन झालं नसतं.

मोहीम सुरू झाली. पहिला हल्ला टीव्हीवर. अक्कांची कन्नड मालिका बंद करून मी मराठी लावली. अक्का निमूट बघत बसल्या. अस्वस्थ मीच झालो. शेवटी स्वयंपाकघरात जाऊन शिवप्रियाला विचारावं लागलं, "त्या धाकट्या सुनेचं काय झालं गं पुढं?"

"मला काय माहीत? तुम्हीच बघता ती रोज," ती म्हणाली.

मग मी ईटचा खवा मागवला. आमच्याकडच्या खव्यापुढं कुठली संस्कृती टिकते? अक्कांनी खव्याचं तोंडभर कौतुक केलं आणि तो होळगीच्या पुरणात घातला. म्हणजे माझी संस्कृती त्यांच्या पोळीत गेली. (मी पोट तट्ट फुगेपर्यंत खाल्ल्या. सम्राटालाही भूक असते.)

आप्पांनी मात्र काळजीनं विचारलं, "पाव्हणं, लई दिस झालं, तुमी बेंगळूरच्या बातम्या लावल्या न्हाईत. तब्येत बरी हाय न्हवं?"

येळवसला आई आली आणि मी थक्कच झालो. आप्पा तिच्याशी निव्वळ मराठीत पिकापाण्याचं बोलले. शांताक्कांनी तिच्याकडून ठेच्याची कृती विचारून घेतली. शिवप्रिया तर डोक्यावर पदर घेऊन तिच्या मागंमागं. मी कोपीपाशी उभा राहून मनातल्या मनात झेंडे बदलत होतो. सगळे माझे!

त्या आनंदात मी आंबिलाचं मडकं उचललं आणि ज्वारीत शिंपडत शेताला फेरी मारली. शेतात ओरडायचे ते कन्नड बोल सगळ्यात मोठ्यानं मीच ओरडलो. वाटेत आलेल्या बैलाला बाजूला सरकायला सांगितलं, तेही त्याला कळेल अशा भाषेत.

परत आलो तर आईनं फडकं सोडलं होतं. भाकरी आणि पिठलं.

"घे, शंभू. पहाटं उठून केलंय तुज्यासाठी."

"राहू दे, आई," मी आंबिलाचा पेला पुढं करत म्हणालो. "आज भज्जी असते. पिठलं काय, कधीही खाता येतं."

आईनं फडक्याची गाठ परत मारली. ती गाठ मला दिसली, पण तोंडात भज्जी होती.

जेवण झाल्यावर चिंचेखाली पडून मोबाईल उघडला. जिंकलेलं शहर शेजाऱ्याकडं परत गेलं होतं! मी ताबडतोब रामहरीला फोन लावला.

"अरे, शहर गेलं ते गेलं, माझी फौज कुठाय? लढाई तर झालीच नाही."

"फौज कशाला लढंल, अण्णा? लई दिस त्याच शहरात व्हती न्हवं? गेली तीबी त्यांच्यात."

"असा कुठं नियम असतो का?" म्हणून मी चिडून फोन ठेवला.

संध्याकाळी आई निघाली. घरी ओसरीवर तिनं पिशवीतून आहेर काढला. अक्कांना लुगडं, आप्पांना धोतर, सुनेला साडी. मग माझ्यापुढं आली. कपाळाला कुंकू लावलं आणि टॉवेल-टोपी पुढं केली. परक्या घरच्या पाहुण्याला करतात तशी.

 'आई, मला कशाला? मी तुझाच आहे,' असं मला म्हणायचं होतं. पण काहीही पुढं केलं की कन्नडमध्ये 'नको' म्हणायची आप्पांची सवय इतकी वर्षं रोज ऐकलेली. दोन्ही हात पुढं करून मी म्हणालो, "ब्याडा, ब्याडा!"

 आई शांताक्कांकडं वळली.

"विहीणबाई, तुमीच सांगा ह्यांना. पाव्हण्याला माजं मराठी कळंना दिसतंय."

अक्कांनी मला कन्नडमध्ये सांगितलं. मी टोपी घेतली.