मळ निघाला की गुण आला

आमच्या शेजारच्या किसनआप्पांनी एकदा पोरगी बघायला आलेल्या पाहुण्यांच्या चपला धुतल्या. पाहुणे आत कांदेपोहे खातायत आणि हे बाहेर ब्रश घेऊन बसलेत. बरं, धुतल्या त्या धुतल्या, वाळायला दुपार झाली. अनवाणी जायचं कसं, म्हणून पाहुणे बसून राहिले. नुसतं बसून बोलणार तरी काय, शेवटी लग्न ठरवूनच उठले.

मांडवगण फराट्यात आप्पांना ओळखत नाही असं माणूस नव्हतं. सरकारी दवाखान्यात ड्रेसर म्हणून जखमा बांधण्यात त्यांचा जन्म गेला. नोकरी संपली, पण हात काही रिटायर झाले नाहीत. म्हशीचे खूर घासायचे, बादलीचा दोर घासायचे. दुकानातनं आणलेला साबणसुद्धा आधी धुऊन घ्यायचे, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

गावातल्या जखमा त्यांच्याच ओट्यावर यायच्या. कुणाला खुरपं लागलेलं, कुणाचा अंगठा सायकलच्या चेनमध्ये गेलेला. उकळलेलं पाणी, चिमटा, कापूस घेऊन आप्पा घासायला बसायचे. पोरगं केकाटलं की म्हणायचे, "तू न्हाई वरडत, मळ वरडतोय." पट्टी बांधून झाली की पुढचं ठरलेलं, "मळ निघाला की गुण आला." आणि गुण यायचा, खोटं कशाला बोलू.

त्यांच्या बायकोला मी वहिनी म्हणायची. एका साली ऊस तोडताना वहिनींच्या नडगीला पाचटानं कापलं. एवढंसं खरचटलेलं. त्याची पुळी झाली, पुळी फुटली आणि जखम पसरायला लागली. आप्पा म्हणाले, "ह्यात काय हाय, घरचा ड्रेसर हाय की." सकाळ-संध्याकाळ घासणं सुरू झालं. वहिनी पदराचा बोळा दातात धरायच्या. लुगड्याचा काठ लागला तरी त्यांच्या डोळ्यांतनं पाणी यायचं, तिथं कापूस म्हणजे काय झालं असेल.

"अहो, आज नको. उद्या करा," त्या म्हणायच्या.

"मळ हाय अजून. राहू दिऊन कसं चालंल?"

पट्टी झाली की आप्पा परसात जाऊन तोंड धुवायचे. लई वेळ धुवायचे. मला वाटायचं, ही पण सवयच असेल.

जखम काही ऐकेना. कडा जांभळ्या पडल्या, आणि खालनं पोखरलेल्या, भीमेचं पाणी दरड खातं ना, तशा. इंजेक्शनं झाली, मलमं झाली. एका सर्जननं काळं पडलेलं कापून काढलं, तर आठवड्यात जखम दुप्पट. मग ते म्हणाले, असंच राहिलं तर गुडघ्याखालनं पाय काढावा लागेल. आप्पा घरी येऊन भिंतीला टेकले. "माझ्याच हातनं कुठं तरी मळ ऱ्हायला," एवढंच म्हणाले.

कुणीतरी पुण्याच्या मोठ्या दवाखान्याचं सुचवलं. सोबत मी गेले. तिथं कातड्याच्या रोगाची एक डॉक्टरीण होती, आमच्या लेकीच्या वयाची. तिनं जखम नुसती बघितली, बोटसुद्धा लावलं नाही. मग विचारलं, "बाबा, साफ केल्यावर जखम कमी होते का वाढते?"

आप्पांनी सोडलेली पट्टी गुंडाळायला घेतली. गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "वाढती."

मग तिनं वहिनींना हळूच विचारलं, पोट बिघडतं का, शौचाला रक्त पडतं का. वहिनींनी मान खाली घालून होय म्हटलं. बाईमाणसानं असलं सांगायचं कुणाला? दोन-तीन वर्षं लपवलेलं होतं, आप्पांपासनंसुद्धा.

"मग हा मळ नाहीच, बाबा," ती म्हणाली. "अंगाची राखण करणारंच अंगावर उठलंय. खरवडाल, कापाल, तेवढं ते चवताळतं." दुसरं काही वाईट नाही ना, म्हणून कडेचा बारीक तुकडा तपासायला घेतला. या रोगाची अशी एकच एक तपासणी नसते म्हणे, बाकीचे रोग नाहीत हे बघत बघत यायचं. नाव सांगितलं पायोडर्मा गँग्रिनोसम. ते म्हणून होईस्तोवर आमची एस्टी वडगाव रासाई ओलांडेल. पोटातलं दुखणं आणि ही जखम बऱ्याचदा जोडीनं येतात, म्हणून पोटाच्याही तपासण्या झाल्या, स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. मनानं बंद करायच्या नाहीत, हळूहळू ती सांगेल तशाच उतरवायच्या. आणि जखमेवर नुसतं मिठाचं पाणी सोडायचं, मऊ पट्टी ठेवायची, घासायचं नाही.

परतीच्या एस्टीत आप्पा आपल्या तळहातांकडं बघत बसले होते. वहिनी म्हणाल्या, "तुम्हाला काय ठावं? सर्जनला तरी कुठं कळलं?"

"तू नको म्हणत व्हतीस की," आप्पा म्हणाले.

वहिनींची ठणक थोड्याच दिवसांत उतरली. जखम भरायला मात्र वर्ष सरत आलं. गोळ्यांनी तोंड असं गोल झालं की त्याच म्हणायच्या, "लग्नात नव्हतं एवढं रूप आता आलंय." पाय राहिला. नडगीवर कांद्याच्या पातीसारखं पातळ कातडं आलं. त्या वर्षभर पट्टीसाठी मात्र आप्पा मला हाक मारायचे. स्वतः पाणी उकळून द्यायचे आणि दारात उभे राहायचे. ओट्यावर कुणी जखम घेऊन आलं तर म्हणायचे, "दवाखान्यात दाखव बाबा, मला त्यातलं कळत न्हाई." आजवर आप्पा घासायचे ते चहाचे कप विसळून ठेवायचं काम वहिनींकडं आलं. त्या एकदा मला म्हणाल्या, "अक्का, पाय दुखत न्हाई आता. पर हे त्या पायाच्या बाजूला बसतबी न्हाईत."

पुढं काही वर्षांनी वहिनी झोपेतच गेल्या. हृदय थांबलं म्हणाले. आम्ही बायका शेवटची अंघोळ घालायला बसलो. लुगड्याचा आडोसा धरलेला, पुरुषमाणसं सगळी अंगणात. मी साबणाचा हात नडगीकडं नेला, तेवढ्यात आडोशापलीकडनं आप्पांचा आवाज आला.

"अक्का, त्या पायाला नुसतं पाणी वता. घासू नका."

एक म्हातारी म्हणाली, "आप्पा, आता काय दुखायचंय तिला?"

मी साबण खाली ठेवला. तांब्या अगदी जवळ धरला आणि पाणी हळू सोडलं.